सेन्सरचं टोक

चि. बाळास,

प्लांट रूममध्ये नोकरी लागल्याचं ताईनं कळवलं. तिथे पाणी थंड करणारे चिलर आणि पंप सगळ्यांच्या नजरेत भरतात. पाइपातला तापमान मोजणारा बोटभर सेन्सर मात्र घाईघाईत उरकला जातो. हे पत्र त्याच्यासाठी.

एका इमारतीत दोन चिलर दिवसरात्र चालत, तरी पडद्यावर जाणारं पाणी ९ अंशांखाली येईना. तुझ्या मामानं पाइपावरचं इन्सुलेशन सोडवलं. आत थर्मोवेल, म्हणजे पाण्यात शिरलेली, टोकाला बंद असलेली स्टीलची नळी. ती लांब, सेन्सर आखूड. त्याचं टोक तळापासून दोन बोटं वर, नुसत्या हवेत. पेस्टचा थेंबही नव्हता. तळाला टेकणारा सेन्सर पेस्ट लावून बसवला, तसा आकडा हळूहळू ७ वर उतरला. दुसरा चिलर त्याच संध्याकाळी बंद झाला.

जाणारं पाणी ७, परतणारं १२, म्हणजे सगळा हिशेब ५ अंशांच्या फरकावर. दोन्ही सेन्सर अर्धा-अर्धा अंश उलट बाजूंना चुकले, तरी फरक ४ किंवा ६ दिसतो. उष्णतेच्या मोजणीत २० टक्के चूक! म्हणून जोडी जुळवलेलीच घ्यावी. पीटी-१०० प्रकारच्या सेन्सरचा रोध तर अंशामागे जेमतेम ०.३८५ ओहम बदलतो. दोन वायरींच्या जोडणीत केबलनंच १ ओहम वाढवला, तर आकडा अडीच अंशांनी चढतो. तिथे तीन वायरी ओढाव्यात.

टोक प्रवाहाच्या मध्यावर पोचावं. पाइप बारीक असेल तर एल्बोत, म्हणजे पाइपाच्या वळणात, प्रवाहाकडे तोंड करून बसवावं. थंड पाइपावरचं इन्सुलेशन पुन्हा हवाबंद करावं, नाहीतर आत दव साचून पाइप गंजतो.

पण थर्मोवेल जेवढी लांब तेवढी चांगली, असंही समजू नये. जपानच्या मोंजू अणुभट्टीत द्रवरूप सोडियमच्या पाइपातली थर्मोवेल प्रवाहामुळे थरथरत राहिली आणि ८ डिसेंबर १९९५ रोजी, जिथे ती एकदम बारीक होत होती तिथेच तुटली. शेकडो किलो सोडियम बाहेर येऊन पेटलं. भट्टी पुन्हा सुरू व्हायला २०१० साल उजाडलं.

या रविवारी थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी बुडव. शून्याच्या किती जवळ येतात ते वहीत लिही आणि आकडे मला कळव.

तुझा,
मामा