संकल्प ज्याचा, त्याच्याच मुखी

चंदीगडच्या सेक्टर १२ मध्ये १९६२ साली स्थापन झालेली पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था आहे. उत्तर भारतात लहानथोर सारे तिला ‘पी. जी. आय.’ या नावानेच ओळखतात. तिच्या मनोविकार विभागाचे व्यसनमुक्तीसाठी स्वतंत्र उपचारकेंद्र आहे. चंदीगड ही पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी, आणि हिमाचलही तेथून जवळच. त्यामुळे तेथे येणारी माणसे दूरदूरच्या गावांतली असतात. आपल्या देशात असा रुग्ण बहुधा एकटा येत नाही. बरोबर पिता असतो, पत्नी असते, वडील बंधू असतो. या सर्वांची वैद्यांकडे मागणी बहुतेक एकच असते: “ह्याला जरा समजावून सांगा.”

या साध्या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे. ज्याला व्यसन जडले आहे त्याला त्याचे दुष्परिणाम ठाऊक नाहीत, अथवा ठाऊक असूनही त्याला सुटण्याची इच्छा नाही. म्हणून कोणीतरी अधिकारी पुरुषाने त्याला सांगावे, दटावावे, लाजवावे, म्हणजे तो सुधारेल, असे ते गृहीत होय. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. पंजाबात २०१५ साली अफू, हेरॉईन आदी पदार्थांच्या व्यसनाची पाहणी झाली. त्या राज्यात अशा पदार्थांच्या पूर्ण आहारी गेलेल्यांची संख्या सुमारे २ लाख ३२ हजार असावी, असा तिचा अंदाज होता. त्याच पाहणीत असे दिसले की त्यांपैकी शेकडा ८० हून अधिक लोकांनी व्यसन सोडण्याचा प्रयत्न केलेला होता. मदत वा उपचार मात्र शेकडा ३५ जणांच्याच वाट्यास आले होते. म्हणजे ज्याला समजावण्यासाठी घरचे लोक धडपडतात, त्याने स्वतःला अनेकदा समजावून झालेले असते. उणीव ज्ञानाची नाही. मन दुभंगलेले आहे. एकाच मनात ‘सोडावे’ आणि ‘सुटत नाही’ हे दोघे शेजारी राहतात. इच्छा नसताही बळेच लोटल्यासारखा मनुष्य पापाकडे का वळतो, हा अर्जुनाचा तिसऱ्या अध्यायातील प्रश्न अशा प्रत्येक घरात रोज विचारला जात असतो. फक्त तो मोठ्याने उच्चारला जात नाही.

अशा दुभंगलेल्या मनाशी बोलावे कसे, या प्रश्नाला वाहिलेली समुपदेशनाची एक पद्धत गेल्या चाळीस वर्षांत जगभर रूढ झाली आहे. तिला ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ म्हणतात. मराठीत ‘प्रेरक संवाद’ म्हणता येईल. विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८२ साली नॉर्वेतील बर्गेन शहराजवळ एका मद्यमुक्ती रुग्णालयात काही काळ राहिले होते. तेथील तरुण सहकारी रुग्णाची भूमिका घेऊन त्यांच्यासमोर बसत आणि मध्येच थांबवून विचारीत, “आपण आत्ता हाच प्रश्न का विचारलात? दुसरे काही का बोलला नाहीत?” उत्तरे देता देता मिलर यांना आपल्याच बोलण्यातील सूत्र सापडले. ते त्यांनी १९८३ साली एका लेखात मांडले, आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह १९९१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. विद्यार्थ्यांच्या प्रश्नांनी गुरूला आपली विद्या उमगावी, ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही.

ते सूत्र असे. दुभंगलेल्या मनासमोर कोणी एका बाजूची वकिली करू लागला, की त्या मनाला उरलेली बाजू घ्यावी लागते. पत्नी म्हणते, “दारूने घर बुडाले.” तो म्हणतो, “घर चालवतो कोण?” पिता म्हणतो, “यकृत नासले आहे.” तो म्हणतो, “शेजारचे आजोबा ऐंशी वर्षे पीत जगले.” हे वाद केवळ व्यर्थ ठरतात असे नव्हे, तर ते अपायही करतात. कारण मनुष्य दुसऱ्याच्या उपदेशापेक्षा स्वतःच्या मुखातून निघालेल्या शब्दांवर अधिक विश्वास ठेवतो. आणि या वादात त्याच्या मुखातून रोज व्यसनाचे समर्थनच वदवून घेतले जाते. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळले: समुपदेशकाने भेटीत जितका अधिक विरोध आणि खंडन केले, तितके त्या रुग्णाचे मद्यपान एका वर्षानंतरही अधिक राहिले.

ही पद्धत व्यवहारात कशी दिसते, हे कळण्यासाठी एक कल्पित प्रसंग पाहावा. रोपडकडचा पस्तीस वर्षांचा एक गृहस्थ आहे, स्वतःचा मालवाहू टेम्पो चालवतो. पिता त्याला घेऊन आला आहे.

“साहेब, ह्याला चांगला खडसावा. आमचे काही ऐकत नाही,” पिता म्हणतो.

समुपदेशक पित्याचे ऐकून घेतो आणि मुलाकडे वळतो. “वडिलांची काळजी समजली. इथे येताना तुमच्या मनात काय होते?”

“काही नाही. यांनी आणले म्हणून आलो. मी पिऊन रस्त्यात पडत नाही, काम सांभाळतो.”

येथे वाद घालण्याचा मोह फार मोठा असतो. रक्ततपासणीचा कागद समोरच पडलेला असतो. समुपदेशक मात्र म्हणतो, “इतक्या अडचणीतही तुम्ही काम सोडलेले नाही.”

“कसे सोडणार? घर त्यावरच आहे.” थोडे थांबून तो म्हणतो, “हल्ली सकाळी हात मात्र थरथरतो.”

“स्टिअरिंग धरतानाही.”

“हो. मागल्या महिन्यात मुलाला शाळेत सोडायला निघालो, तर तो म्हणाला, बाबा, आज मी बसनेच जातो.”

“त्याचे ते बोलणे मनात रुतून बसले आहे.”

“रुतणारच. मुलाला बापाची भीती वाटावी, असे व्हायला नको.”

या संभाषणात समुपदेशकाने दारूविरुद्ध एक अक्षरही उच्चारलेले नाही. ‘व्हायला नको’ हे शब्द त्या गृहस्थाचे आहेत; खोलीत त्याचा पिता बसलेला असताना ते निघाले आहेत, आणि त्यांचे खंडन आता त्याला करता येणार नाही. समुपदेशकाचे कौशल्य एवढेच की हो-नाहीत संपणार नाही असा प्रश्न त्याने विचारला, जे खरोखर चांगले आहे ते चांगले म्हटले, आणि ऐकलेले वाक्य अर्थासह परत त्याच्यासमोर ठेवले. अनेक वाक्यांतून त्याने बदलाकडे झुकणारी वाक्ये निवडून घेतली, जशी गृहिणी सुपातले खडे बाजूला सारून दाणे पुढे ओढते.

पुढे तो एक साधा प्रश्न विचारतो. “दारू सोडणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते? शून्य ते दहांत सांगा.” समजा, उत्तर आले ‘पाच’. आपल्यापैकी बहुतेक जण विचारतील, “पाचच का? आठ का नाही?” मग तो अडचणींची यादी देईल. समुपदेशक उलट विचारतो, “पाच का? दोन का नाही?” आता यादी येते ती सोडण्याच्या कारणांची, आणि तीही त्याच्याच तोंडून. प्रश्नाची दिशा पालटली, एवढ्यानेच त्याच मनाची दुसरी खोली उघडते.

गीतेचा अभ्यास करणाऱ्यास येथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत अर्जुनाच्या दुर्बळतेला कठोर शब्दांनी टोचतात. त्याने अर्जुन उठत नाही. तो आपली व्यथा अधिकच मांडतो, आणि शेवटी युद्ध करणार नाही असे सांगून मौन धरतो. त्यानंतर जो दीर्घ संवाद चालतो त्यात अर्जुनाच्या शंका दडपल्या जात नाहीत. त्याने उलट विचारले, पुन्हा विचारले, आपले मन वाऱ्यासारखे आवरत नाही अशी कबुलीही दिली. आणि अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर, पूर्ण विचार करून मग स्वतःच्या इच्छेस येईल तसे वागण्याची मोकळीक त्याला दिली आहे. शेवटचा निश्चय अर्जुन स्वतः उच्चारतो. अर्थात उपमा येथेच थांबवावी हे बरे. समुपदेशक जगद्गुरू नव्हे, आणि रुग्णाला तत्त्वज्ञान शिकवणे हे त्याचे कामही नव्हे. निश्चय कोणाच्या मुखातून यावा, एवढ्यापुरतेच हे साम्य आहे.

आपल्या घरांत याच्या नेमके उलट घडते. मुलाच्या मस्तकावर हात ठेवायला लावून, देवापुढे उभे करून शपथ घेववली जाते. ती बहुधा काही दिवस टिकते. मग मोडते, आणि पिण्याच्या दोषात शपथभंगाच्या पापाची भर पडते. ते पाप विसरण्यासाठी तो पुन्हा पितो. याउलट पंढरीची माळ पाहावी. माळकऱ्याला मद्यमांस वर्ज्य असते; पण ती माळ कोणी त्याच्या गळ्यात बळेच घालीत नाही, तो आपण होऊन मागतो. दोन्ही प्रतिज्ञाच, पण एक मनातून उगवलेली आहे आणि दुसरी वरून लादलेली. कायद्याचेही तसेच आहे. चंदीगड हे २००७ साली देशातील पहिले धूम्रपानमुक्त शहर म्हणून घोषित झाले आणि सार्वजनिक जागी ओढण्यास बंदी आली. ती योग्यच होती. मात्र चौकातून धूर घालवणे आणि मनातून तलफ घालवणे ही दोन निराळी कामे आहेत.

या पद्धतीचे फळ काय, याचा चांगला पुरावा आपल्या गोव्यातच आहे. ‘संगथ’ या संस्थेने तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यास केला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात प्रेरक संवादावर आधारलेल्या, फार तर चार भेटींचा उपक्रम होता, आणि तो चालवणारे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. सामान्य माणसांनाच त्यासाठी शिकवून तयार केले होते. तीन महिन्यांनंतर अपायकारक मद्यपानातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण संवाद लाभलेल्यांत शेकडा ३६ होते, इतरांत शेकडा २६. मागील १४ दिवसांत थेंबही न घेतलेले अनुक्रमे शेकडा ४२ आणि १८ होते. तथापि जे पीतच राहिले, त्यांच्या रोजच्या मात्रेत फरक दिसला नाही. हेही सांगितले पाहिजे, कारण ही जादू नव्हे. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या १,७२६ रुग्णांच्या अभ्यासात या धर्तीच्या चार भेटी आणि इतर पद्धतींच्या बारा भेटी यांच्या फळांत एकंदरीने फार मोठे अंतर पडले नाही. चार भेटींनी एवढे साधावे, हे थोडके नाही. पण ज्याला संवादाने गुण येत नाही असा रुग्णही पुष्कळ आढळतो.

शिवाय गोड बोलणे हे औषधाला पर्याय नव्हे, ही गोष्ट गृहस्थाने विसरू नये. वरील प्रसंगातील सकाळचा थरथरणारा हात हे लक्षण आहे. अशा माणसाने उत्साहाच्या भरात एकाएकी दारू बंद केली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणावरही बेतते. म्हणून सोडणे वैद्यांच्या देखरेखीखालीच व्हावे. अफू-हेरॉईनच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. पंजाबात २०१७ पासून त्यासाठी बाह्यरुग्ण उपचारकेंद्रे चालू आहेत. काही काळ सोडून मग पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेणे तेथे सर्वांत घातक ठरते, कारण शरीराची सहनशक्ती तोवर उतरलेली असते. ‘एका विषाच्या जागी दुसरे विष’ म्हणून या औषधांना नावे ठेवणारे नातेवाईक अजाणता मोठे नुकसान करतात.

घरच्या माणसाने समुपदेशक व्हावे, अशी अपेक्षाही नाही. पत्नीला मार पडत असेल तर तिने ऐकून घेत बसू नये; आपले आणि मुलांचे रक्षण प्रथम. घरखर्चाचा पैसा हाती न देणे हेही योग्यच आहे, आणि ते शांतपणे, शिव्याशापावाचून करता येते. एरवी घरच्यांना जे सहज साधेल ते एवढेच, की नशेत असताना बोलू नये. सकाळी, शुद्धीवर असताना, एक प्रश्न विचारावा आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये पडू नये. आईला हे फार अवघड जाते. उपचार कोठे मिळतील हे विचारण्यासाठी शासनाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. महाराष्ट्रातील वाचकांना १९८६ पासून पुण्यात कार्य करणारे ‘मुक्तांगण’ परिचित असेलच.

आणि पुन्हा पाय घसरला तर? तो टेम्पोवाला सहा आठवडे कोरडा राहून, एका लग्नाच्या वरातीत प्यायला आणि मान खाली घालून परत आला, असे समजावे. पिता म्हणेल, “सगळे पाण्यात गेले.” समुपदेशक त्या सहा आठवड्यांकडे वळतो. संध्याकाळी सातची ती वेळ तुम्ही कशी काढलीत, असे तो विचारतो. मग हळूहळू निघते, की टेम्पो लावला की तो थेट घरी जात असे. मुलाची पाढ्यांची वही पाहत असे. रविवारी गुरुद्वाऱ्यात जोडे सांभाळण्याच्या सेवेला बसत असे. त्यांतले येत्या आठवड्यात काय पुन्हा सुरू करता येईल, एवढाच प्रश्न मग उरतो. आणि वार नि वेळ तोच सांगतो.