दुःखात जोडले गेलेले दोन कलावंत



नववी-दहावीच्या मुलांशी दुःखाबद्दल बोलायचं म्हटलं की आपण जरा बिचकतोच. मी त्यासाठी जर्मनीतल्या दोन कलावंतांची गोष्ट घेते.

केटे कोल्विट्स ही चित्रकार आणि शिल्पकार. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिचा धाकटा मुलगा पीटर १८ वर्षांचा होता. सैन्यात जायला वडिलांची परवानगी लागणार होती. ते तयार नव्हते. आईने मुलाची बाजू घेतली. ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. गुडघे टेकून बसलेल्या आईवडिलांचं त्याचं स्मारक पूर्ण व्हायला १९३२ साल उजाडलं. पीटर जगला जवळजवळ तेवढीच वर्षं!

एर्न्स्ट बारलाख स्वतः सैन्यात जाऊन आला आणि युद्धाचा विरोधक झाला. १९२० मध्ये त्याची लाकडी ठशांची चित्रं पाहून केटेला वाट सापडली. 'युद्ध' ही ७ चित्रांची मालिका तिने लाकडातच कोरली. पुढे १९२७ मध्ये बारलाखने ग्युस्ट्रोच्या चर्चमध्ये युद्धात गेलेल्यांसाठी तरंगता देवदूत टांगला. चेहरा केटेचा! ठरवून नाही, आपोआप उतरला, असं तो सांगायचा.

नाझींनी १९३७ मध्ये तो देवदूत उतरवला, पुढे वितळवला. मित्रांनी गुपचूप दुसरी प्रत ओतून घेतली. ती आज कोलोनमध्ये आहे. १९३८ मध्ये बारलाख गेला. केटेने त्याच्यासाठी 'विलाप' हे शिल्प केलं: तिचाच चेहरा, हातांनी अर्धा झाकलेला.

'जगावं का?' हा प्रश्न केटेलाही पडला होता. १९३६ मध्ये गेस्टापोच्या धमकीनंतर, अटक टळणार नाही असं दिसलं तर जीवन संपवायचं असं तिने आणि पतीने ठरवलं होतं. ती वेळ आली नाही. ती काम करत राहिली.

वर्गात काय कराल?
१. देवदूत आणि 'विलाप' यांची चित्रं दोन मिनिटं शांतपणे पाहू द्या.
२. विचारा: एकाचं दुःख दुसऱ्याने कसं ओळखलं?
३. तुमचं दुःख कोणाला कळावंसं वाटतं? उत्तर वहीत लिहू द्या, मोठ्याने वाचायची सक्ती नको.

एखादं मूल 'जगून काय उपयोग?' म्हणालं, तर उपदेश नको. बाजूला बसवा, ऐका, एकटं सोडू नका, समुपदेशकांना कळवा. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असू द्या.