फायटर की गोल्डफिश?

वाचन पाठ, स्तर ४

वाचण्याआधी: तुमच्या घरी पाळीव प्राणी हवा असं कोण म्हणतं? आणि नको असं कोण म्हणतं? घरी एकदा मराठीत विचारा, मग पुढे वाचा.

"बाबा, आपण कुत्रा पाळू या ना!"

सिंगापूरमधल्या मराठी घरांत हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. पण एचडीबीच्या फ्लॅटमध्ये एकच कुत्रा ठेवता येतो, तोही ठरावीक जातींपैकी. मांजरांना तर अनेक वर्षं बंदी होती. १ सप्टेंबर २०२४ पासून परवाना काढून दोन मांजरं ठेवता येतात. पण जूनच्या सुट्टीत आपण भारतात गेलो की त्यांना कोण सांभाळणार? मग आई म्हणते, "आपण मासा आणू या. माशाचं काही करावं लागत नाही."

या शेवटच्या वाक्यामुळे माझे दोन मासे मेले होते. म्हणून हा पाठ.

मी चौथीत असताना मामाने मला वाढदिवसाला दोन गोल्डफिश दिले. एका गोल काचेच्या बरणीत ते फिरायचे. दर रविवारी मी बरणीतलं सगळं पाणी ओतून द्यायचो, बरणी घासून लख्ख करायचो आणि नळाचं ताजं पाणी भरायचो. दुसऱ्या रविवारनंतर दोन्ही मासे गेले. आजी म्हणाली, "पाणी बाधलं रे त्यांना." मला तिचा राग आला. इतकं स्वच्छ पाणी कसं बाधेल?

पंचवीस वर्षांनी इथे सिंगापूरमध्ये मुलीसाठी टाकी घ्यायची ठरली, तेव्हा मी नीट वाचलं. आजीचं बरोबर होतं.

मासा ज्या पाण्यात राहतो, त्याच पाण्यात शी-शू करतो. त्याच्या कल्ल्यांतूनही अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाणं कुजलं की आणखी अमोनिया. हा अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. तलावात पाणी खूप असतं, त्यामुळे तो पसरून जातो. टाकीत मात्र जिवाणू लागतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच! मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच कमी त्रासाचं असतं. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात आणि त्यांची वस्ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

मी कामावर सर्व्हर सांभाळतो, म्हणून मी हे असं समजून घेतो: टाकीत एक प्रोग्रॅम गुपचूप मागे चालू असतो. तो दिसत नाही, पण तो बंद पडला की सगळं बंद. माझ्या बरणीत फिल्टरच नव्हता. काचेवर जे थोडे जिवाणू जमले असतील, ते मी दर रविवारी मन लावून घासून काढत होतो.

आता आपल्या दोन उमेदवारांकडे वळू.

गोल्डफिश मूळचा चीनचा. हजारएक वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी साध्या करड्या माशांमधून पिवळे-लाल मासे निवडून वाढवले. तुमच्यापैकी काही जण शाळेत मँडरिन शिकत असतील, तर तुम्हाला माहीत असेल की 'यू' म्हणजे मासा आणि तसाच उच्चार असलेल्या दुसऱ्या 'यू'चा अर्थ भरपूर, शिल्लक. म्हणून चिनी नववर्षाला सगळीकडे मासे दिसतात. दुकानात गोल्डफिश बोटाएवढा असतो, स्वस्त असतो, आणि तो सोपा मासा आहे असं सगळे समजतात.

पण तो वाढतो. गोल पोटाचे, मोठ्या शेपटीचे गोल्डफिश १५ ते २० सेंटीमीटरपर्यंत जातात, साधे लांबट त्याहून मोठे होतात. ते खूप खातात आणि तितकीच घाण करतात. दोन गोल्डफिशना शंभर लिटरपेक्षा लहान टाकी मी तरी देणार नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यात काच आणि खडे मिळवा. ही टाकी अभ्यासाच्या टेबलावर मावणार नाही. शिवाय गोल्डफिशला गार पाणी मानवतं. आपल्या घरातलं पाणी वर्षभर २७ ते ३० अंशांच्या आसपास असतं आणि पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी. म्हणजे हवेचा पंप सतत चालू हवा. सिंगापूरमध्ये कितीतरी लोक गोल्डफिश उत्तम सांभाळतात, पण ते मोठी टाकी आणि चांगला फिल्टर ठेवतात.

आणि आयुष्य? नीट ठेवला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली वारला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता! तुम्ही आज आठ वर्षांचे असाल, तर तुम्ही नॅशनल सर्व्हिसला किंवा कॉलेजला जाल तेव्हाही तुमचा मासा घरी असेल. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा.

दुसरा उमेदवार बेट्टा. भारतात दुकानदार त्याला 'फायटर' म्हणतात. हा थायलंडचा. तिथे त्याला 'प्ला कट' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. आपल्या शेजारचाच म्हणायचा, त्यामुळे इथलं गरम पाणी त्याला मानवतं, हीटर लागत नाही. फक्त रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत त्याची टाकी ठेवू नका.

इथल्या दुकानात तुम्ही फायटर पाहिले असतील: एका ओळीत छोटे छोटे प्लास्टिकचे कप, प्रत्येकात एक मासा, मध्ये पुठ्ठा. पुठ्ठा अशासाठी की दोन नर एकमेकांना दिसले तर कल्ले फुगवून भांडायला उभे राहतात. हे कप बघून लोकांना वाटतं की त्याला एवढंच पाणी पुरतं. त्याचं कारण असं, की या माशाला कल्ल्यांशिवाय आणखी एक अवयव असतो आणि त्याने तो पाण्याच्या वर येऊन हवेतला श्वास घेतो. थायलंडच्या भातखाचरांत, उथळ दलदलीत ऑक्सिजन कमी असतो, तिथे हे उपयोगी पडतं. पण अमोनिया त्यालाही जाळतोच. कपात तो लगेच मरत नाही, एवढंच. आणि भातखाचर उथळ असलं तरी केवढं पसरलेलं असतं!

म्हणून फायटरलाही पंधरा-वीस लिटरची टाकी, हळू चालणारा फिल्टर आणि वर झाकण हवं. झाकण विसरू नका, तो उडी मारतो. टाकीत एकच नर ठेवा. तो साधारण दोन ते चार वर्षं जगतो आणि दुकानातून येतो तेव्हाच काही महिन्यांचा असतो. म्हणजे निरोप लवकर घ्यावा लागतो. मला हीच गोष्ट सगळ्यात अवघड वाटते, टाकी धुण्यापेक्षाही.

पाण्याबद्दल एक सूचना, कारण यात भारतातल्या आजोबांचा सल्ला इथे चालत नाही. आजोबा फोनवर सांगतात, "पाणी रात्रभर बादलीत ठेव, क्लोरीन उडून जाईल." त्यांच्या गावी ते खरंही असेल. पण सिंगापूरच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते रात्रभरात उडत नाही. त्यासाठी दुकानात औषधाची बाटली मिळते. तिचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने नव्या पाण्यात टाकायचे. आठवड्यातून एकदा साधारण पाव भाग पाणी बदला, सगळं कधीच नाही. आणि स्पंज नळाखाली धुवू नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

खाणं दिवसातून दोन वेळा, दोन-तीन दाणे. इथे एक गंमत सांगतो. माझ्या मुलीने आजीला मेसेज केला, "मी माश्यांना खायला घातलं." आजीचा लगेच फोन: "घरात माश्या झाल्यात का गं?" मासा, मासे, माशांना. माशी, माश्या, माश्यांना. अर्ध्या 'श'ने मोठा घोळ होतो.

आता जूनची सुट्टी. माझ्या मते निर्णय इथेच होतो. चार आठवडे मासा उपाशी राहू शकत नाही. फायटरची टाकी अर्धी रिकामी करून दोघांनी उचलली की शेजारच्या काकूंकडे जाते. शंभर लिटरची टाकी हलत नाही, म्हणजे किल्ली देऊन कोणाला तरी रोज घरी बोलवावं लागतं. आम्ही औषधांच्या सात खणांच्या डब्या आणतो आणि रोजचे दाणे मोजून भरून ठेवतो, कारण शेजारी प्रेमाने जास्त खायला घालतात. आणि कंटाळा आला म्हणून मासा तलावात किंवा कालव्यात सोडून देऊ नका. सिंगापूरमध्ये त्याला बंदी आहे.

दर जूनला भारतात जाणाऱ्या घराला मी पहिला मासा म्हणून फायटरच सांगेन. घरात जागा असेल आणि आजी-आजोबा बाराही महिने इथेच राहत असतील, तर गोल्डफिशचा जरूर विचार करा.

आमच्या मुलीला गोल्डफिशच हवा होता. दोन दिवस रुसवा चालला. मग रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवून, चिमूटभर खाणं टाकत आणि पाणी तपासत आम्ही पाच आठवडे थांबलो आणि एक लालभडक फायटर घरी आला. त्याचं नाव तिखट. गेल्या आठवड्यात त्याने पाण्यावर फेसाचं घरटं केलं. पिल्लांसाठी घरटं करायचं काम या माशांमध्ये बाबाचं असतं.

शब्द
कल्ला: माशाचा श्वास घेण्याचा अवयव
भातखाचर: भाताचं, पाणी साठवलेलं शेत
बाधणे: खाण्या-पिण्याचा किंवा हवा-पाण्याचा त्रास होणे
मानवणे: खाणं, हवा, पाणी चांगलं सोसणे ('बाधणे'च्या उलट)

करून बघा
१. तुम्हाला कोणतं खाणं बाधतं? कोणत्या गावची हवा मानवते? दोन वाक्यं लिहा.
२. एक टाकी ४० सेंटीमीटर लांब, २५ रुंद आणि २० उंच आहे. ती काठोकाठ भरली तर त्यात किती लिटर पाणी मावेल? त्या पाण्याचं वजन किती?
३. तुम्ही महिनाभर भारतात चालला आहात. तिखटला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकूंसाठी सहा ओळींची चिठ्ठी लिहा. 'माशाला' आणि 'दाणे' हे शब्द वापरा. काकूंना 'तुम्ही' म्हणा.