अफूची चिमूट आणि दोन रहस्यकथा

रहस्यकथा लघु असावी की दीर्घ, हा वाद वाचनप्रेमी मंडळींत नेहमीच रंगतो. एक म्हणतो, चोर कोण हे कळण्यासाठी चारशे पाने कशाला चाळावयाची? दुसरा म्हणतो, वीस पानांत ज्याची धड ओळखही होत नाही, त्याच्या मरणाचे मला काय? हा वाद हवेत करण्यापेक्षा दोन कथा समोर ठेवून केलेला बरा. इंग्रजी वाङ्मयात अशी एक जोडी आयतीच सापडते, कारण दोहोंच्याही गुंत्यात अफू शिरलेली आहे. पहिली, आर्थर कॉनन डॉयल यांची ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही शेरलॉक होम्सची लघुकथा. ती डिसेंबर १८९२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आली. दुसरी, विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी. ती १८६८ साली चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली.

‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये डार्टमूरच्या माळावरील तबेल्यातून शर्यतीचा एक नामांकित घोडा रातोरात नाहीसा होतो आणि त्याला तालीम देणारा स्ट्रेकर माळावर मरून पडलेला आढळतो. पहाऱ्यावरील पोराच्या जेवणात त्या रात्री कोणीतरी अफू कालविलेली असते. जेवण मटणाच्या करीचे. आपल्याकडे घरोघर जिला सागोती म्हणतात, तिचेच हे विलायती भावंड. आता अफूला स्वतःची चव असते. साध्या अन्नात ती पहिल्या घासालाच कळली असती. मसाल्यात मात्र लपते. मग नेमके त्याच रात्री मसाल्याचे जेवण करावयाचे, हे कोणी ठरविले? बाहेरून आलेल्या परक्या मनुष्यास ते ठरविता येणे शक्य नाही. एवढ्या एका चिमटीवरून होम्स संशयाची दिशा माळावरून घराकडे वळवितो. ह्याच कथेतील रात्री न भुंकलेला कुत्रा जगभर प्रसिद्ध झाला आहे. परंतु करीची खूण मला त्याहून सरस वाटते. कुत्र्याच्या मौनाकडे होम्सला बोट दाखवावे लागते. करी मात्र आरंभापासून वाचकाच्या ताटात वाढलेली असते.

१८४१ साली पहिली हेरकथा लिहिणारे एडगर ॲलन पो यांनी पुढच्याच वर्षी असे मत मांडले होते की, कथा अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत, एका बैठकीत वाचून व्हावी. हेरकथेच्या बाबतीत ह्या मताला विशेष अर्थ आहे. सारा पुरावा एकाच वेळी ध्यानात असेल, तरच वाचकाला हेराशी बरोबरी करण्याची संधी मिळते. भूमितीचे प्रमेय सोडविताना आकृती सबंध डोळ्यांपुढे असावी लागते, तसेच हे. आपल्या आजोबांच्या पिढीने बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या कथा दिव्याखाली एका दमात संपविल्या, त्या अर्थात प्रमेयासाठी नव्हे, वेगासाठी. पण बैठक एकच.

ह्या नेटकेपणाची किंमत मात्र कोणाला तरी द्यावी लागते. डॉयल यांच्या कथेत सिम्प्सन नावाच्या मनुष्यास पोलीस पकडतात, कारण मृताच्या मुठीत त्याचा गळपट्टा सापडतो. तो खुनी नसतो. परंतु फाशीच्या छायेत त्याने ते दिवस कसे काढले, हे कथा सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. रहस्याचा सारा उलगडा लंडनकडे परतणाऱ्या आगगाडीच्या डब्यात आरामात होतो.

आता ‘मूनस्टोन’ पाहा. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, त्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने बळकावलेला हिरा पुढे रेचेल नावाच्या मुलीस तिच्या अठराव्या वाढदिवशी भेट मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. पहिला संशय येतो तो जादूगारांच्या वेषात आलेल्या तीन हिंदूंवर. त्यांना तुरुंगातही टाकतात, जरी त्या रात्री हिरा त्यांनी नेलेला नसतो. मग घरातील नोकरांवर संशय येतो. शेवटी गुलाबाच्या बागेचा शौकीन असा हुशार सार्जंट कफ येतो. नुकत्याच रंगविलेल्या दारावरचा रंग एके ठिकाणी पुसटलेला त्याला दिसतो. ज्या वस्त्राला तो डाग असेल ते शोधा, असे तो म्हणतो. येथवर ही होम्सचीच कथा वाटते. पण हा डाग आपल्याला रोझाना नावाच्या मोलकरणीपर्यंत नेतो. ती पूर्वी चोरीसाठी शिक्षा भोगलेली, अंगाने व्यंग असलेली, आता प्रामाणिकपणे राबणारी मुलगी आहे. हिरा तिने चोरलेला नाही. तिच्या मौनाचे कारण निराळेच, आणि फार करुण आहे. तिला समुद्रकाठची, माणसास गिळून टाकणारी वाळू जवळ करावी लागते. तिचे पत्र पुढे कितीतरी पानांनंतर उघडले जाते, तेव्हा आपणही तिच्यावर संशय घेतला होता हे वाचकास आठवते. वीस पानांत ही आठवण तयारच होऊ शकत नाही. संशय मुरावयास वेळ लागतो.

आणि अफू? ती येथे कोणी कोणास दिली हे सांगून वाचनाचा आनंद हिरावून घेणे योग्य नव्हे. एवढेच सांगता येईल की तिचे मर्म ओळखणारा एझ्रा जेनिंग्ज हा डॉक्टरचा साहाय्यक, खोट्या आरोपाने आयुष्यभर पाठलाग केलेला आणि असाध्य व्याधीच्या वेदनांसाठी स्वतःच अफू घेणारा मनुष्य आहे. संधिवाताने ग्रासलेले कॉलिन्स स्वतः अफूचा अर्क घेत असत. जेनिंग्जच्या रात्रींचे वर्णन वाचताना ते जाणवल्यावाचून राहत नाही.

कादंबरी मध्यंतरी रेंगाळते, हे मान्य केलेच पाहिजे. धर्मपुस्तिका वाटत फिरणाऱ्या मिस क्लॅकबाई गमतीच्या खऱ्या, पण त्यांचे आख्यान लांबते. दीर्घ पल्ल्याची अडचण डॉयल यांनाही चुकली नाही. होम्सच्या लघुकथा छप्पन्न, कादंबऱ्या अवघ्या चार. आणि त्यांपैकी तिहींमध्ये होम्सला बाजूस ठेवून जुन्या काळाची दूरदेशीची हकीकत जोडावी लागली. ‘बास्करव्हिल’ ही चौथी तेवढी एकसंध उतरली, ती तेथील माळाच्या भीतीमुळे.

‘मूनस्टोन’चा शेवट मात्र सोमनाथाजवळ होतो. चंद्रदेवाच्या कपाळी हिरा पुन्हा चमकतो. त्याच्यासाठी सातासमुद्रांपार जाऊन जात गमावलेले ते तीन ब्राह्मण यात्रेकरूंच्या गर्दीसमोर एकमेकांना आलिंगन देतात आणि पुन्हा कधीही न भेटण्यासाठी तीन दिशांच्या तीन वाटांनी चालू लागतात.