शेजाऱ्याच्या अंगणात परांची



पावसाळा जवळ आला की ठाण्यातील जुन्या पाखाड्यांत आणि कल्याण-डोंबिवलीच्या बैठ्या चाळींत एकच तक्रार आमच्या कानी येते. भिंत आपली, ओल आपल्या घरात. पण बाहेरून गिलावा करायचा तर परांची शेजाऱ्याच्या जागेत बांधावी लागते, आणि शेजारी पाय ठेवू देत नाही.

"आमचा हक्कच आहे," असे पुष्कळजण म्हणतात. बहुधा तो नसतो. इंग्लंडमध्ये १९९२ च्या कायद्याने न्यायालय दुरुस्तीसाठी प्रवेशाचा आदेश देऊ शकते. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. शेजाऱ्याच्या जमिनीतून नळ नेण्याचा हक्क आधीच असेल, तर दुरुस्तीसाठी आत जाऊन खणता येते. मात्र जमीन पूर्ववत करून द्यावी लागते. असा हक्क नसेल तर परवानगीच मागायची. (सोसायटीत राहणाऱ्यांचे वेगळे, तिथे उपविधींप्रमाणे पूर्वसूचना देऊन आलेल्या सचिवांना पाहणीसाठी घरात घ्यावे लागते.) संत थॉमस अक्वायनस यांनी प्राणांतिक गरजेत दुसऱ्याची वस्तू घेणे चोरी मानले नाही, पण पोपडे धरलेली भिंत त्यात बसत नाही!

शेजारी नाही म्हणतो तो दरवेळी खुनशीपणाने नव्हे. आज परांची, उद्या वहिवाट, ही त्याची भीती असते. ती अगदीच खोटी नाही. वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा, हक्क म्हणून वापर झाला तर त्याचा कायमचा हक्क होऊ शकतो. परंतु परवानगीने केलेला वापर त्यात धरला जात नाही. म्हणजे लेखी परवानगीचा कागद खरे तर शेजाऱ्याचेच रक्षण करतो. हे आपण त्याला कधी समजावून सांगितले आहे का?

त्या कागदावर कामाचे दिवस, वेळ, राबिट कोण उचलणार आणि फरशी किंवा झाड मोडल्यास भरपाई किती, एवढे लिहावे. आधी दोघांनी मिळून जागेचे फोटो काढावेत. जमल्यास त्याच खर्चात त्याच्याही भिंतीच्या भेगा बुजवून द्याव्यात.

अनुवाद ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात, कर्ज देणाऱ्यानेही तारण घ्यायला घरात न शिरता बाहेर थांबावे, असे सांगितले आहे. मग आपण तर मागणारे. बांबू येण्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्येच, घरातील वडीलधाऱ्याने स्वतः जावे. कंत्राटदाराला पाठवू नये.