जन्माची खबर वेळेवर मिळाली तर...

लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेले हडर्सफील्ड हे इंग्लंडमधील यॉर्कशायरचे एक शहर. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील नगरपालिकेकडे स्वतःचा आरोग्याधिकारी होता. तरीही तान्ही मुले दगावतच होती. त्या सुमारास इंग्लंड-वेल्समध्ये जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे दीडशे मुले वर्षाच्या आतच मरत.

मुले का मरत?

अशक्त जन्म, न्यूमोनिया ही कारणे होतीच; पण उन्हाळ्यात जुलाबाची साथ आली की मृत्यूंचा आकडा एकदम वाढे. रस्त्यावर घोड्यांची लीद, घराजवळ संडास आणि सगळीकडे माश्या. वरचे दूध पाजण्याच्या बाटलीला लांब रबरी नळी असे. ती आतून स्वच्छ करता येत नसे. अंगावर पिणारी मुले मात्र जुलाबातून पुष्कळ अंशी वाचत. म्हणजे मुख्य औषध आईपाशीच होते. ते तिला वेळेवर सांगणारे कोणी नव्हते.

उशीर कोठे होत होता?

कायद्याने जन्माची नोंद करण्यास ४२ दिवसांची मुदत होती. नोंद होऊन कोणी घरी जाईपर्यंत मूल बाटलीवर गेलेले असे किंवा दगावलेले असे.

१९०४ साली बेंजामिन ब्रॉडबेंट हे शहराचे महापौर झाले. लाँगवुड या भागात आपल्या कारकिर्दीत जन्मणारे मूल एक वर्षाचे झाले की एक पौंड देऊ, असे वचनपत्र त्यांनी घरोघर दिले. पौंडाची चर्चा खूप झाली. खरे काम मात्र भेटींनी केले. आरोग्याधिकारी डॉ. सॅमसन मूर यांच्या योजनेप्रमाणे जन्माची खबर ४८ तासांत मिळवायची, स्त्री डॉक्टरने घरी जायचे आणि पुढे स्वयंसेविकांनी लक्ष ठेवायचे, असा क्रम ठरला. १९०६ साली हडर्सफील्डने ही खबर कायद्याने सक्तीची केली. १९०७ साली देशभरच्या नगरपालिकांना तसा कायदा स्वेच्छेने लागू करण्याची मुभा मिळाली आणि १९१५ साली तो सर्वत्र सक्तीचा झाला.

सारे श्रेय भेटींना देणे मात्र बरोबर होणार नाही. १९११ च्या कडक उन्हाळ्यात जुलाबाने पुन्हा उचल खाल्ली आणि देशाचा बालमृत्यूदर हजारी १३० वर गेला. सल्ल्याच्या जोडीला स्वच्छ पाणी, स्वच्छ दूध आणि मैल्याची विल्हेवाटही हवीच.

आपण काय करावे?

आपल्याकडे बाळंतपणानंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी बाळंतपण झाल्यास पहिल्या दिवशीही येतात. बाळंतीण माहेरी असेल तर तेथील आशाताईंना आधीच कळवावे. जन्मनोंद २१ दिवसांच्या आत करावी. सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे. घुटी, मध, पाणी काही नको. डॉक्टरांनी वरचे दूध सांगितलेच तर उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने पाजावे, बाटली टाळावी.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, श्वास भरभर होऊ लागला, जुलाब लागले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आजही मूल दगावते ते पुष्कळदा उशिरामुळेच.