ठोकळ्यांच्या गेमसाठी कोणतं इंजिन?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माइनक्राफ्टसारखा गेम युनिटीत करतोय. पण काही हजार ठोकळे मांडले की लॅपटॉप अडखळतो. अनरिअलकडे वळू का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : घाई नको, दोष इंजिनाचा नाही. तुम्ही बहुधा प्रत्येक ठोकळा स्वतंत्र ऑब्जेक्ट म्हणून ठेवलाय. तसं केलंत तर अनरिअलही गुडघे टेकेल. १६×१६×१६ चा एक तुकडा घ्या : झाले ४०९६ ठोकळे. त्यांची माहिती साध्या ॲरेत ठेवा आणि हवेला लागून असलेल्या बाजूंचीच मिळून एक मेश बनवा. ठोकळा फोडला की तेवढाच तुकडा पुन्हा बांधायचा. मूळ माइनक्राफ्ट तर तयार इंजिनाशिवाय, जावात लिहिलेलं आहे!

सी शार्प येत असेल तर युनिटीच ठेवा. गोडो हे इंजिन मोफत आणि हलकं. मात्र मेश बांधण्याचं काम त्याच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत रेंगाळतं, ते सी प्लस प्लसमध्ये करा. अनरिअल तुमच्या लॅपटॉपला जडच जाईल. नुसता खेळ रचायचा असेल तर लुआंटी (पूर्वीचं माइनटेस्ट) पाहा. तिथे ठोकळ्यांचं जग तयार मिळतं, नियम तेवढे लुआत लिहायचे. गेम विकणार असाल, तर परवान्याच्या अटी आधी वाचा. तूर्त युनिटीतच एक तुकडा नीट चालवून बघा.